पाचशे चाळीस ज्यूल

नववीला आडारकर बाई फळ्यावर दोन चौकोन काढत,
एकालाच बाण.
टकरीआधीचा एकूण संवेग
आणि टकरीनंतरचा एकूण संवेग
सारखाच,
बाहेरून कोणी ढकलत नसेल तर.
हा ‘तर’ त्या खडू मोडेपर्यंत दाबून लिहीत.

प्रयोगशाळेतल्या ट्रॉल्यांना खारी हवा लागलेली.
उत्तर यायला हवं शून्य पूर्णांक तीन,
यायचं दोन, कधी दोनही नाही.
सगळा वर्ग प्रयोगवहीत तीन लिहून मोकळा.
बाई म्हणायच्या, कमी पडलं ते लपवू नका, शोधा.
चाकाच्या आसात बघा.
टेबलाला विचारा.
मागच्या बाकावर आम्ही टेबलाला विचारायचो
आणि पोट धरून हसायचो.

संवेग मला आधीपासून ठाऊक होता,
नाव तेवढं नव्हतं.
सर्जेकोटच्या धक्क्यावर उडी घेतली
की पायाखालची होडी मागे सरते,
जड म्हणून हळू, पण सरते,
देणं लागत असल्यासारखी.
बाबा ओरडायचे, “होडयेक लाथ मारू नको गो!”

मग कार्तिकातली ती पहाट.
आमची होडी धक्क्याशी, दोर सैल.
साबाजी मेतराची बांगड्याने भरलेली,
इंजिन बंद करून काळोखातून वाहत आली.
तिच्या नांगराचा दात आमच्या जाळ्यात अडकला
आणि दोन्ही होड्या एक होऊन सरकल्या.
मधे बाबांनी हात घातला होता.
कोणीही घालतो.

मालवणच्या सरकारी दवाखान्यात, बाकावर,
केसपेपरच्या पाठी मी गणित मांडलं.
दुसरं काही येत नव्हतं.
त्यांची आठशे किलो, मासळीसकट. वेग धरला दीड.
आमची बाराशे, जाळी-इंजिन धरून. वेग शून्य.
आधी: बाराशे.
नंतर: दोन हजार गुणिले शून्य पूर्णांक सहा.
बाराशे.
थेंबभर सांडलं नव्हतं.

मला राग आला.
एवढं जुळायला नको होतं.

म्हणून गतिज ऊर्जा काढली.
आधी नऊशे. नंतर तीनशे साठ.
पाचशे चाळीस ज्यूल खंय गेले?
थोडे आवाजात. तो मी घरात अंथरुणावर ऐकला होता,
माडावरून नारळ पडावा तसा, पण लांबट.
थोडे होडीच्या काठाला गेलेल्या चिरेत,
जिच्यात पुढे एम-सील भरलं.
थोडे पाण्यात, पाणी तापलंही असेल,
कोण बघतंय.
आणि उरलेले,
किती ते मी लिहिलं नाही,
डाव्या हाताच्या करंगळीत.

साबाजीकाका त्याच बाकावर, हाताला अजून खवले.
“काय लिवतंस?”
“गणित.”
बराच वेळ कागदाकडे बघत राहिले.
“चूक कोणाची इली?”
म्हटलं, ह्यात ती येत नाही, काका.
ह्यात नुसतं वजन आणि वेग.
ते उठले, टपरीवरून तीन चहा घेऊन आले.
तिसरा कोणासाठी, हे दोघांनाही माहीत होतं,
आणि आत न्यायची परवानगी नव्हती.
साय धरेपर्यंत तो आमच्यामधे बाकावर होता.

तेच गणित मी प्रयोगवहीत उतरवलं, नावं गाळून.
बाईंनी खाली लाल शाईत लिहिलं:
वेग दीड कशावरून? मोजला का?

मोजला नव्हता.
दीड मी धरला होता.
एक धरला तर ज्यूल दोनशे चाळीसच उरतात,
अर्ध्याहूनही कमी.
करंगळी तेवढीच जाते.

त्या रात्री बाबा नऊ बोटांनी जाळं शिवत होते,
सुई दरवेळी त्या जागी अडखळायची
आणि वळसा घेऊन पुढे जायची.
विचारलं, साबाजीकाकांची होडी किती जोरात आली होती?
त्यांनी गाठ दातांनी आवळली.
“जोरात खंय गो,” म्हणाले,
“हळूच येय होतो तो.
एकदम हळू.”